रोचेस्टर ग्रिफिन्स

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहराचा व्यावसायिक बॉक्स लॅक्रॉस संघ. या नावाने तो १९७४ हा एकच हंगाम खेळला, आणि त्यातच विजेता ठरला. ग्रिफिन म्हणजे सिंहाचे धड आणि गरुडाचे डोके असलेला ग्रीक पुराणकथांतला प्राणी. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरच्या शरभाचा दूरचा भाऊबंदच.

लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा खेळ. काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीत चेंडू झेलायचा, तिनेच तो सोबत्याकडे फेकायचा आणि गोल साधायचा. बॉक्स लॅक्रॉस हा त्याचा छपराखालचा अवतार १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात आला. आइस हॉकीची बंदिस्त मैदाने उन्हाळ्यात ओस पडत; ती भरावीत म्हणून त्यांच्या मालकांनी काढलेली ही युक्ती. गोलरक्षक धरून सहा खेळाडू, भोवती कठडा. चेंडू कठड्यावर आपटून परत खेळात येतो, त्यामुळे कुणाला उसंत म्हणून नसते, धक्काबुक्कीलाही नाही.

१९७४ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये सहा संघ होते. (आजची त्याच नावाची लीग निराळी, तिचे मूळ १९८७ मधले.) ग्रिफिन्सचे घरचे सामने रोचेस्टरच्या वॉर मेमोरियल सभागृहात होत. प्रशिक्षक होते मॉर्ली केल्स, जे पुढे ऑंटारिओच्या विधिमंडळात गेले. संघातला रिक डडली हिवाळ्यात बफेलो सेबर्सकडून आइस हॉकी खेळे आणि उन्हाळ्यात काठी बदलून इकडे येई. अंतिम फेरीच्या मालिकेत ग्रिफिन्सनी फिलाडेल्फिया विंग्जला चार सामने विरुद्ध दोन असे हरवले.

पण करंडक जिंकूनही संघ गावात टिकला नाही. १९७५ मध्ये तो न्यूयॉर्क महानगराला लागून असलेल्या लॉंग आयलंडवर गेला आणि ‘टॉमाहॉक्स’ झाला. शेजारच्या सिरॅक्यूजचा स्टिंगर्स संघही त्याच वर्षी क्वेबेकला जाऊन ‘कॅरिबूज’ बनला. रोचेस्टरच्या परिसरात सेनेका आणि सिरॅक्यूजलगत ऑनॉन्डागा, म्हणजे हा खेळ जपणाऱ्या हौडेनोशोनी या आदिवासी महासंघातल्याच जमाती. धंद्याच्या हिशेबात मात्र खेळाचे माहेर बाजूला पडले.

कॅरिबूजने १९७५ चे विजेतेपद मिळवले, पण ते राखण्याची संधी त्यांनाही मिळाली नाही. पैशांची ओढाताण होतीच. त्यात १९७६ च्या ऑलिंपिकसाठी मॉंट्रियल फोरम हे बंदिस्त मैदान राखून ठेवल्याने तिथल्या संघाला हक्काची जागा उरली नाही. लीग दोन हंगामांतच बंद पडली आणि टॉमाहॉक्सही तिच्याबरोबर संपले. रोचेस्टरला पुन्हा व्यावसायिक लॅक्रॉस संघ मिळाला तो थेट १९९५ मध्ये. नाव नाइटहॉक्स, सभागृह तेच.