कॉन्कॉर्डमधल्या प्रवाशांना धमाका ऐकू यायचा का?

‘विमान आवाजाचा वेग ओलांडतं त्या क्षणी एकदाच धमाका होतो आणि आतल्या प्रवाशांचे कान बधिर होतात,’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय.

कॉन्कॉर्ड या आवाजाहून वेगवान विमानाने 1976 ते 2003 प्रवासी नेले. त्यांच्या आठवणींत धमाका नाहीच. इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर सुरू होताना पाठीला बसलेला हलकासा धक्का, केबिनच्या पुढच्या भिंतीवर चढत जाणारा मॅकचा, म्हणजे वेग आवाजाच्या किती पट आहे त्याचा, आकडा, हाताला कोमट लागणारी इवलीशी खिडकी, असं ते सांगतात. मला तर खिडकीचा तपशील सगळ्यात आवडतो: बाहेर कडाक्याची थंडी, पण आवाजाच्या दुप्पट वेगामुळे विमानाचा पत्राच तापायचा.

विमान आवाजाच्या पुढे पळतं, तेव्हा दाबाची लाट शंकूसारखी मागे पसरते. आतला माणूस त्या शंकूसोबतच चाललेला असतो, त्यामुळे लाट त्याच्यावरून जात नाही. खालच्या माणसावरून जाते. तीही एकाच जागी नाही. तो वेग टिकून असेपर्यंत लाट मार्गभर सरकत राहते. म्हणूनच कॉन्कॉर्ड सहसा समुद्रावर गेल्यावरच तो वेग घ्यायचं.

पडताळायचं असेल तर संथ खाडीच्या काठी उभे राहा. होडी पुढे निघून गेल्यावर तिची लाट काठाला आधी इथे, मग पुढे अशी लागत जाते. होडीतल्यांना ती जाणवतही नाही.