तिऱ्हाईत मध्ये पडला, मग दावा कशाचा?

रस्त्यात चोरी-मारामारी दिसली की धावून जाणे ही इंग्लंडमध्ये एके काळी मर्जीची बाब नव्हती. १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने जुनी प्रथा पक्की केली: दरोडा पडला की ओरड करायची, ऐकेल त्याने हातातले काम टाकून पाठलागात सामील व्हायचे, आणि दरोडेखोर हाती लागला नाही तर लुटीची भरपाई त्या टापूतल्या सगळ्यांनी मिळून करायची. पगारी पोलीसच नव्हते. १८२७ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि दोनच वर्षांनी लंडनला पोलीस दल मिळाले. सक्ती गेली, पण गुन्हेगाराला धरण्याचा सामान्य माणसाचा हक्क मागे उरला. गुन्ह्यात मध्ये पडलेल्या तिऱ्हाइतावर नंतर झालेले बहुतेक दावे या उरलेल्या हक्काची हद्द कुठे संपते, यावरून झालेले आहेत.

सर्वांत धोक्याची हद्द अटकेची. पोलिसाला वाजवी संशय पुरतो. गुन्हा घडलाच नव्हता असे मागाहून निघाले तरी तो वाचतो. साध्या माणसाला ही सवलत नाही. १९१४ च्या वॉल्टर्स खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे मांडले. पुस्तकांच्या स्टॉलवरच्या कर्मचाऱ्याला मालकाने चोरीच्या संशयावरून पकडवले, ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले, आणि त्याने बेकायदा अटकावाबद्दल दावा लावून तो जिंकला. संशयाला आधार होता, पण ज्या चोरीसाठी धरले ती चोरीच नव्हती. एवढ्यावर मालकाचा बचाव कोसळला.

हा नियम जुन्या काळाचा म्हणून सोडून देता येत नाही. १९९२ मध्ये चॉकलेटच्या एका वडीवरून तोच निकाल पुन्हा लागला. पैसे न देता गिऱ्हाईक बाहेर पडले असे वाटून दुकानातल्या माणसांनी त्याला धरायचा प्रयत्न केला, रस्त्यावरचा एक जणही त्यात उतरला, झटापट झाली. चोरीच्या आरोपातून ज्युरीने गिऱ्हाइकाला सोडले. मग अपील न्यायालयाने अटक टाळण्यासाठी हल्ला केल्याबद्दलची त्याची शिक्षाही रद्द केली: गुन्हा नाही, म्हणून धरण्याचा हक्क नाही, म्हणून सुटण्याची धडपड हा त्या कलमाखालचा गुन्हा नाही. २००६ पासूनच्या इंग्लिश तरतुदीनुसार गुन्हा पुरेसा गंभीर असावा लागतो आणि पोलिसाने येऊन अटक करणे व्यवहार्य नसावे लागते. होऊन गेलेल्या गुन्ह्यासाठी कोणाला धरायचे तर तो प्रत्यक्ष घडलेला असलाच पाहिजे, ही अट कायम आहे.

भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३ ने दुसरी वाट घेतली. गुन्हा अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) असावा आणि तो धरणाऱ्याच्या समक्ष घडावा. नाहीतर धरलेला माणूस उद्घोषित गुन्हेगार, म्हणजे फरार म्हणून जाहीर झालेला, असावा. ‘लोक म्हणाले’ यावर हात टाकता येत नाही. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये याला वेळेची मर्यादा जोडली गेली: विनाकारण विलंब न लावता, आणि काही झाले तरी सहा तासांच्या आत, धरलेल्याला पोलिसांकडे द्यायचे. चोराला खांबाला बांधून ठेवणारा जमाव इथे स्वतःच आरोपी होतो.

दुसरी हद्द दुसऱ्याच्या बचावाची. न्यूयॉर्कच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने १९६२ मध्ये निकाली काढलेले प्रकरण अजूनही कायद्याच्या वर्गात शिकवले जाते. दोन मध्यमवयीन माणसे एका १८ वर्षांच्या मुलाला ओढत होती, मुलगा सुटू पाहत होता. हे पाहून एक जण मध्ये पडला आणि त्याने एकाला ओढले. ती दोघे साध्या वेषातले पोलीस होते. झटापटीत एकाच्या गुडघ्याला इजा झाली आणि मदतीला गेलेला हल्ल्याचा दोषी ठरला. त्याचा हेतू चांगला होता हे कोणी नाकारले नाही. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे मदत करणारा त्या मुलाच्या जागी उभा राहत होता; मुलाला प्रतिकाराचा हक्क नव्हता, म्हणून यालाही नव्हता. प्रामाणिक चुकीला त्यात जागाच नव्हती. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत न्यूयॉर्कने दंडसंहिता बदलून ‘वाजवी समज’ हा निकष आणला.

गंमत अशी की १८६० ची भारतीय दंड संहिता या बाबतीत शंभर वर्षे पुढे होती. कलम ९७ ने स्वतःच्या जोडीने ‘इतर कोणत्याही व्यक्तीच्या’ शरीराच्या संरक्षणाचा हक्क दिला. नाते, ओळख अशी अट घातली नाही. कलम ९९ च्या स्पष्टीकरणात तर समोरचा लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तर हक्क जात नाही असे लिहून ठेवले होते. वरचा मदतगार या कलमाखाली उभा राहिला असता तर त्याला बचाव मांडता आला असता. मात्र त्याच कलमाने दोन लगाम घातले: संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच रचना कलम ३४ पासून पुढे आली आहे. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो शक्यतांच्या तौलनिक कसोटीवर. सरकार पक्षाइतका कडक पुरावा त्याला द्यावा लागत नाही.

मदत न करणाऱ्याचे काय? अँग्लो-अमेरिकन परंपरेचे उत्तर कोरडे आहे. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या न्यायालयाने गिरणीच्या यंत्रात हात चिरडलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या दाव्यात सांगितले, की परक्याला वाचवण्याचे कायदेशीर कर्तव्य नाही. नैतिक कर्तव्य असेल, ते निराळे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ‘३८ जणांनी पाहिले, कोणी हलले नाही’ ही बातमी जगभर गेली. तो आकडा फुगवलेला होता हे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर कायदे हलले होते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९६७ मध्ये मदत न करणाऱ्याला १०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. फ्रान्समध्ये ही जबाबदारी त्याआधीच, १९४१ पासून, कायद्यात आहे. स्वतःला धोका नसताना दुसऱ्याच्या शरीरावरचा हल्ला न रोखणे हा तिथे गुन्हा आहे.

आता लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज. ‘गुड समॅरिटन’ कायदा (परक्याला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा) आहे, मग मदत करणाऱ्यावर दावा होत नाही, असे सर्रास म्हटले जाते. हे कायदे मारामारीसाठी झालेलेच नाहीत. पहिला १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात झाला तो डॉक्टरांसाठी, रस्त्यात उपचार केला म्हणून कोर्टात खेचले जाऊ नये म्हणून. भारतात २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेले कलम १३४अ फक्त वाहन अपघाताच्या जखमींपुरते आहे. त्यातही शब्द किती तोलले जातात ते कॅलिफोर्नियात २००८ मध्ये दिसले. अपघातग्रस्त गाडीतून सहकारी स्त्रीला ओढून बाहेर काढणाऱ्या बाईवर त्या वाचवलेल्या स्त्रीनेच दावा लावला होता. चुकीच्या पद्धतीने ओढल्याने आपल्याला अर्धांगवायू झाला, असे तिचे म्हणणे. गाडीतून काढणे म्हणजे वैद्यकीय मदत नव्हे, म्हणून संरक्षण नाही, असे न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले. विधिमंडळाला पुढच्याच वर्षी शब्द बदलावे लागले.

गुन्ह्यात मध्ये पडणाऱ्याला मग वाचवते काय? फौजदारी बाजूला बचावाचा हक्क. दिवाणी बाजूला मात्र पुन्हा पहिल्यापासून. १९८४ च्या डिसेंबरमध्ये बर्नार्ड गेट्झने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. तो तिऱ्हाईत नव्हता, पैसे त्याच्याकडेच मागितले गेले होते. पण दोन न्यायालयांमधला फरक त्याच्याइतका कुठे उघडा पडत नाही. १९८७ मध्ये तो खुनाच्या प्रयत्नातून सुटला, फक्त विनापरवाना पिस्तुलाबद्दल दोषी ठरला. १९९६ मध्ये दिवाणी ज्युरीने कायमचा जायबंदी झालेल्या एका तरुणाला त्याच्याकडून ४ कोटी ३० लाख डॉलर देवविले. कारण साधे आहे: फौजदारीत वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो, दिवाणीत पारडे जरा झुकले तरी पुरते. फ्लोरिडाने २००५ मध्ये ही फट बुजवली. बळाचा वापर कायदेशीर ठरला तर दिवाणी दावाही चालत नाही आणि वकिलाचा खर्च दावा लावणाऱ्यावर पडतो.

१ मे २०२३ ला न्यूयॉर्कच्या त्याच भुयारी रेल्वेत, गाडीत धमक्या देणाऱ्या माणसाला एका प्रवाशाने मागून गळ्याभोवती हात आवळून काही मिनिटे धरून ठेवले, आणि तो माणूस मेला. प्रवासी डिसेंबर २०२४ मध्ये निर्दोष सुटला. मृताच्या वडिलांचा दिवाणी दावा त्याच महिन्यात दाखल झाला होता. अशा दाव्यात भांडण पहिल्या क्षणाचे क्वचितच असते. मध्ये पडणे बहुधा समर्थनीय ठरते. धोका संपल्यावरही पकड का सुटली नाही, हा प्रश्न उरतो. त्यामागे शरीराची एक गोष्ट आहे. पालथ्या पाडलेल्या माणसाच्या पाठीवर वजन आले की छाती आणि पोट फुगायला जागा राहत नाही. तो श्वासासाठी धडपडतो, धरणाऱ्याला तो प्रतिकार वाटतो, जोर वाढतो. कोर्टात मग मोबाइलच्या चित्रफितीतले सेकंद ओळीने मोजले जातात.

पैशाची बाजू फारशी बोलली जात नाही. अमेरिकेतल्या घरगुती विम्यात तिऱ्हाइताला झालेल्या इजेचे दायित्व असते, पण जाणूनबुजून केलेली इजा वगळलेली असते. काही पॉलिसी वाजवी बळापुरता अपवाद ठेवतात, काही नाही. मुदतीही आखूड आहेत: न्यूयॉर्कमध्ये मारहाण किंवा बेकायदा अटकावाचा दावा एका वर्षात लावावा लागतो, मृत्यूबद्दलचा दोन वर्षांत.

उलट्या दिशेचे दावेही आहेत. १९२१ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश कार्डोझो यांनी संकट हे मदतीला हाक मारतेच असे म्हणून मदतगाराला मूळ निष्काळजी माणसाकडून भरपाई मागण्याचा रस्ता मोकळा केला. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. समोरच्या बारमध्ये एकाच्या जिवाला धोका आहे, पोलिसांना फोन करू द्या, असे सांगत आलेल्याला खाणावळीतल्या बारच्या नोकराने फोन नाकारला आणि तिकडे माणूस मारला गेला. स्वतः मदत करणे बंधनकारक नसले तरी दुसऱ्याची मदत अडवल्याबद्दल दावा चालू शकतो, असे ठरले.

अटकेचा जुना हक्क मात्र आता आक्रसतो आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १८६३ पासून नागरिकाला अटकेची मुभा देणारे कलम होते. फेब्रुवारी २०२० मध्ये धावायला निघालेल्या अहमद आर्बरीचा ‘चोर वाटला’ म्हणून पाठलाग करून त्याला गोळ्या घालणाऱ्यांनी त्याच कलमाचा आधार घेतला. २०२१ मध्ये राज्याने ते कलम रद्द केले. त्याच वर्षी तिघे दोषी ठरले. दुकानदारांना संशयित गिऱ्हाइकाला रोखण्याची सवलत ठेवली आहे, पण तासाभरात पोलीस आले नाहीत तर त्याला त्याच्या सामानासह सोडून द्यावे लागते.