ओढीची केसगळती आणि केसांची निगा (ठाणे–नवी मुंबई)

खराब झालेले केस पुन्हा निरोगी वाढवणे आणि कपाळाजवळची विरळ झालेली कड भरून आणणे या दोन गोष्टी ठाणे–नवी मुंबईतल्या पार्लरांत बहुधा एकाच ‘हेअर ट्रीटमेंट’च्या नावाखाली विकल्या जातात. त्या वेगळ्या आहेत. डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. फाटे फुटलेला धागा बरा होत नाही, तो जपता येतो किंवा कापावा लागतो. मूळ मात्र सावरू शकते, वेळेत लक्ष दिले तर.

डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. एकेक केस २ ते ६ वर्षे वाढतो, महिन्याला साधारण १ सेंमी.; मग सुमारे ३ महिने विश्रांती घेऊन गळतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक आहे. केस लांब असले की तेवढ्यांचीच गुंतवळ मोठी दिसते आणि जीव घाबरा होतो. कमरेपर्यंत पोचलेल्या ६० सेंमी. केसाचे टोक ५ वर्षांचे जुने असते. त्याने पाच उन्हाळे आणि पाच पावसाळे सोसलेले असतात, म्हणून शेंड्याचे केस मुळाजवळच्या केसांसारखे मऊ राहत नाहीत.

ओढ. कपाळ आणि कानशिलांवरचे केस सतत ताणले गेले की तिथली मुळे दुखावतात. ऑस्ट्रियन डॉक्टर ट्रेबिच यांनी १९०७ साली ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांत ही गळती नोंदवली. आपल्याकडे तिची कारणे घरातलीच आहेत: शाळेच्या रिबिनीच्या दोन करकचून घातलेल्या वेण्या, नृत्याच्या वर्गासाठी आणि लग्नासमारंभात लावलेले जड गंगावन, रुग्णालयातल्या कामावर दिवसभर बांधलेला अंबाडा. लोकल गाठायची म्हणून न्हाऊन ओले केसच वर आवळून बांधणे ही सवय तर ठाणे, कळवा, ऐरोलीच्या फलाटांवर रोज सकाळी दिसते. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे नुकसान दुहेरी होते.

सुरुवातीला वेणी सोडताना मुळे ठणकतात, कडेला बारीक पुळ्या येतात. पुढे कपाळ मोठे दिसू लागते, पण अगदी कडेला जावळासारख्या बारीक केसांची झालर बहुधा शिल्लक राहते. डॉक्टर याच खुणेवरून ओढीची गळती ओळखतात. या टप्प्यावर केस सैल बांधले, भांग आणि बांधण्याची जागा बदलत राहिली, तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर मुळांच्या जागी व्रण धरतो आणि मग तेल, औषध काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून मुलीने ‘आई, वेणी दुखते’ म्हटले की ती तेव्हाच सैल करावी. या विकारावरचा सर्वांत परिणामकारक उपाय हाच आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

इतर कारणे. आनुवंशिक विरळपणात बायकांचा भांग रुंद होतो, पुढची कड सहसा टिकते. पुरुषांचे केस कानशिलांवरून मागे सरतात. चाईत गोल चट्टे पडतात. कड मागे जाताना त्वचा गुळगुळीत होत असेल आणि भुवयाही झडत असतील, तर तो व्रण करणारा वेगळा विकार असू शकतो. त्याचे वर्णन १९९४ साली झाले. त्यात घरगुती उपायांत महिने घालवू नयेत.

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर २–३ महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केस जातात. ऑगस्ट–सप्टेंबरातल्या तापाची गळती अशी दिवाळीच्या सुमारास येते, ताप विसरलेला असतो आणि दोष पाण्यावर जातो. ही गळती बहुतेकदा आपोआप थांबते.

पाणी. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते, ठाण्यालाही मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांचे. घोडबंदर रस्त्यावरच्या काही संकुलांना मात्र टँकर आणि बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो. जड पाण्यातले कॅल्शियम–मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, साबणाशी मिळून चिकट थर धरतात. केस रूक्ष आणि गुंत्याचे होतात. कपाळाची कड मात्र पाण्याने मागे जात नाही. साबणाऐवजी शाम्पू वापरावा, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत.

तेल आणि पार्लर. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने (मिनरल ऑइल) तसे झाले नाही. आजीचे न्हाण्याआधी तेल मुरवणे इथे खरे ठरते. माका, जास्वंदाच्या तेलाने केस मऊ होतात. नवे केस फुटतात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नये.

रिबॉन्डिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध रसायनाने तोडून, इस्त्रीने केस सरळ करून, ते बंध पुन्हा जोडतात. सगळे जुळत नाहीत आणि केस कायमचा कमजोर होतो. ‘केराटिन’ म्हणून लावल्या जाणाऱ्या अनेक द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो. केस सरळ करण्यासाठी लावलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचीही नोंद आहे. विरळ कडेवर यातले काहीही करू नये.

उपचार. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या १५–४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही तपासणी टाळण्यासारखी नाही. कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. त्वचारोगाचा सल्ला तिथे खासगी क्लिनिकपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतो. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध आनुवंशिक विरळपणावर लावतात. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, त्याला घाबरून सोडू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने मात्र ते वापरू नये. केशरोपण नोंदणीकृत, शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. ओढ चालूच असेल तर रोपलेले केसही टिकत नाहीत.

बदल दिसायला ३ ते ६ महिने लागतात. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात कपाळाचा फोटो काढून ठेवला तर फरक कळतो. कडेला उभे राहणारे नवे केस पिनांनी दाबून किंवा जेलने चापून बसवू नयेत. वेणीत यायला त्यांना दीड-दोन वर्षे लागतात.