पंगतीतल्या सहा जागा

बारावीच्या प्रॅक्टिकलला फिनॉलच्या द्रावणात ब्रोमीनचं पाणी टाकलेलं आठवतंय? थेंब पडताक्षणी तांबूस रंग नाहीसा होतो आणि परीक्षानळीत पांढराशुभ्र अवक्षेप दाटतो. तेच पाणी बेन्झीनमध्ये घातलं, तर कितीही हलवा, रंग जात नाही. दोन्ही रेणूंत फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा (OH).

मुळात कोडं बेन्झीनचं आहे. फॅरेडेने १८२५ साली दिव्यांसाठीच्या गॅसच्या तेलकट गाळातून ते वेगळं काढलं. पुढे १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने सहा कार्बनचं वलय मांडलं, त्यात एकाआड एक तीन दुहेरी बंध. दुहेरी बंध म्हटला की ब्रोमीन सरळ येऊन जोडला जायला हवा. पण मोजमाप केलं तर सगळे सहा बंध सारखेच, १.३९ अँगस्ट्रॉमचे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), एरवी कार्बन-कार्बनचा एकेरी बंध १.५४ चा आणि दुहेरी १.३४ चा असतो. इलेक्ट्रॉन वलयभर पसरलेले आहेत आणि त्यातून मिळणारं स्थैर्य बेन्झीन सहजी सोडत नाही. म्हणून इथे पंगतीचा नियम चालतो: नवा पाट मांडायचा नाही, एक उठला तरच दुसरा बसणार. हायड्रोजन जातो, नवा गट येतो, वलय शाबूत राहतं. हीच प्रतियोजन अभिक्रिया.

विद्यार्थी अडतात ते पुढे. आधीच एक गट बसलेला असेल, तर दुसरा कुठे बसणार? लगतच्या कार्बनवर (ऑर्थो), एक सोडून पुढच्यावर (मेटा) की थेट समोरच्यावर (पॅरा)? कोणता गट नव्याला ऑर्थो-पॅरा जागी पाठवतो आणि कोणता मेटा जागी, याची यादी घोकून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला वाटतं, यादीची गरजच नाही. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणातला धनभारित नायट्रोनियम आयन वलयाला चिकटतो, त्या क्षणी वलयावर धनभार येतो. हा भार वाटेल तिथे जात नाही. चिकटलेल्या जागेच्या ऑर्थो आणि पॅरा कार्बनांवरच वाटला जातो. एवढं चित्र कागदावर काढा.

टोल्यूइन म्हणजे मिथिल गट (CH₃) बसलेलं बेन्झीन. नवा गट त्याच्या ऑर्थो किंवा पॅरा जागी आला, की धनभार मिथिलच्या कार्बनवरही येतो आणि मिथिल इलेक्ट्रॉन सरकवून तो भार हलका करतो. म्हणून शंभरातले साधारण ६० रेणू ऑर्थो, ३६ पॅरा आणि जेमतेम ४ मेटा निघतात. नायट्रो गट (NO₂) बसलेल्या नायट्रोबेन्झीनमध्ये उलटं. नायट्रो गटातला नायट्रोजन स्वतःच धनभारित, शेजारच्या कार्बनवर आणखी धनभार आला की ताण वाढतो. त्यामुळे ९० हून अधिक टक्के मेटा मिळतं. मेटा जागा चांगली असते असं नाही, बाकीच्या दोन जास्त वाईट असतात.

आता फिनॉलकडे वळू. त्यातला ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडीच वलयाला देतो. साध्या बेन्झीनला ब्रोमीन जोडायला लोहाच्या ब्रोमाइडसारखा उत्प्रेरक लागतो, फिनॉलला नाही. पाण्यात तर दोन ऑर्थो आणि एक पॅरा अशा तिन्ही जागा एकदम भरतात आणि ट्रायब्रोमोफिनॉल खाली बसतं. तोच तो पांढरा अवक्षेप. एकच ब्रोमीन बसवायचा असेल, तर पाणी सोडून कार्बन डायसल्फाइडमध्ये, थंड ठेवून काम करावं लागतं.