खांद्यातला शेजार

मटण साफ करताना पुढच्या पायाचा मोठा तुकडा हाती आला, तर दोन स्नायूंच्या फटीत अंगठा घालून पाहा. ते सुटे होतात, पण सुखासुखी नाही. मधला पांढुरका, ओलसर पापुद्रा ताणला जातो, कुठे तटकन तुटतो, तर कुठे सुरीच लागते. शवविच्छेदनाच्या टेबलावरही पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं. पापुद्रा खरवडून टाकला की स्नायू पुस्तकातल्या चित्रासारखे लालसर आणि सुटसुटीत दिसतात. त्या चित्रातून एक समजूत पक्की झाली: स्नायू म्हणजे दोरी. तो आवळला की दोन्ही टोकांच्या कंडरांमधून (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांमधून) जोर हाडाला मिळतो, शेजारच्या स्नायूशी त्याचं काही देणंघेणं नाही.

१९८३ मध्ये सिबिल स्ट्रीट यांनी बेडकाच्या स्नायूतंतूंवर दाखवलं की जोर फक्त टोकाकडे जात नाही. तो तंतूच्या कडेने, आवरणातून, शेजारच्या तंतूंमध्येही उतरतो. तंतूच्या आतल्या सांगाड्याला डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन धरून असतं. त्याची साखळी तंतूचं पटल ओलांडून बाहेरच्या कोलॅजेनच्या जाळ्याला जोडलेली असते. ड्युशेन या स्नायू क्षीण करणाऱ्या आजारात मुलांच्या शरीरात हेच प्रथिन तयार होत नाही आणि स्नायूंचं पटल आकुंचनाच्या ताणाने फाटत राहतं.

हे झालं एका स्नायूच्या आतलं. दोन वेगळ्या स्नायूंचं काय? ॲम्स्टरडॅमच्या पीटर हाउजिंग यांनी उंदराच्या नडगीवरच्या एका स्नायूचा जोर दोन्ही टोकांना एकाच वेळी मोजला. दोरी असती तर दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते. ते आले नाहीत. मधल्या वाटेत काही जोर शेजाऱ्यांकडे गेला होता, किंवा त्यांच्याकडून आला होता.

आता खांदा. इथे दंडाच्या हाडाचा गोळा फऱ्याच्या उथळ बशीवर टेकलेला असतो. म्हणूनच हात इतका चौफेर फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही. गोळा बशीवर दाबून धरायचं काम चार स्नायूंचं: सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. मिळून रोटेटर कफ. चित्रात त्यांच्या चार कंडरा अलगद वेगळ्या दाखवतात, पण हाडाजवळ त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. १९९२ मध्ये क्लार्क आणि हॅरीमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिथे पाच थर पाहिले. वेगवेगळ्या थरांतले धागे वेगवेगळ्या दिशांनी धावतात, काही तर शेजारच्या कंडरेच्या हद्दीत शिरतात. सुप्रास्पायनॅटस कुठे संपतो आणि इन्फ्रास्पायनॅटस कुठे सुरू होतो, ते तिथे सांगणं कठीण.

याच भागात एक जाड पट्टा कंडरेच्या धाग्यांना आडवा जातो. १९९३ मध्ये बर्खार्ट आणि सहकाऱ्यांनी त्याची तुलना झुलत्या पुलाच्या दोराशी केली. (वांद्रे-वरळी सी लिंक डोळ्यांपुढे आणू नका. तो केबल-स्टेड आहे, त्याच्या केबल खांबांवरून थेट रस्त्याला येतात; इथे ऋषिकेशचा लक्ष्मणझुला चालेल.) पट्ट्याच्या पुढ्यात चंद्रकोरीसारखा पातळ भाग असतो आणि फाट बहुधा तिथेच पडते. तरी दोर शाबूत असला, तर स्नायूंचा जोर त्याच्यावरून त्याच्या दोन टोकांकडे वळतो आणि तिथून हाडाला मिळतो. पुलाचा रस्ता मधे तुटला तरी दोर तुटत नाही, तसं. २००२ मध्ये मृतदेहांच्या खांद्यांवर हे तपासलं गेलं. सुप्रास्पायनॅटसची कंडरा दोन तृतीयांश सोडवली तरी जोर फारसा कमी झाला नाही. स्नायू मागे आकसल्याची स्थिती निर्माण केली, तेव्हा मात्र तो बराच घटला.

म्हणून एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘कफ फाटला आहे’ वाचून घाबरलेला माणूस फडताळातला वरचा डबा आरामात काढताना दिसतो. उतारवयात अनेकांचा कफ फाटलेला असतो आणि त्यांना कळतही नाही.

इथे थोडं थांबायला हवं. ‘फॅशिया’ (स्नायूंभोवतीचा तोच पापुद्रा) हा शब्द सध्या मसाजच्या जाहिरातींत मुक्तहस्ते उधळला जातो, जणू टाचेला दाबलं की मान मोकळी! मांजराच्या पोटरीतल्या सोलियस स्नायूवर सांध्यांच्या नैसर्गिक हालचालींत प्रयोग झाले, तेव्हा शेजाऱ्यांकडे जाणारा जोर नगण्य निघाला. प्रत्येक शेजार सारखा घट्ट नसतो. खांद्यातला आहे, कारण तिथे कंडराच एकमेकींत विणलेल्या आहेत.

त्यामुळे कफची फाट बघताना ती किती सेंटिमीटर, एवढंच विचारून भागत नाही. ती कुठे आहे, हेही पाहावं लागतं. मधली चंद्रकोर गेली तर हात बऱ्याचदा उचलता येतो. दोराचं पुढचं टोक, बायसेप्सच्या खोबणीजवळचं, सुटलं तर लहानशी फाटही जड जाते.