वेग निम्मा केला तरी सूर का उतरत नाही?

लातुरात खोली करून राहणारा विद्यार्थी असो की सेलूत घरीच सराव करणारी मुलगी, गिटारचा गुरू अनेकांना आता मोबाइलवरच भेटतो. गुरुजींची बोटं फार पळायला लागली की आपण व्हिडिओचा वेग ०.५ वर आणतो. चाल निम्मी होते, पण स्वर जागचा हलत नाही. जुन्या टेपला हे जमत नसे. निम्म्या वेगाने फिरवली की सगळं एक सप्तक खाली जाई. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं; ती ४१.२ वर येऊन बास गिटारसारखी घुमे.

सॉफ्टवेअर आवाज ताणत नाही, कापतं. वीस ते शंभर मिलिसेकंदांचे तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवत पुन्हा मांडतं आणि जागा भरायला काही भाग दोनदा वापरतं. तुकड्याच्या आतली कंपनं तीच राहतात, म्हणून सूर टिकतो. सांधा कुठे घ्यायचा हे लाटेचा आकार जुळवून ठरतं. क्रोम ब्राउझर याच जातीची पद्धत वापरतो.

दुसरी पद्धत १९६६ साली बेल लॅब्जमध्ये फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी मांडली : फेज व्होकोडर. यात प्रत्येक तुकड्यातल्या वारंवारता वेगळ्या काढून नव्या वेळेनुसार पुन्हा जुळवतात. अडचण तुकड्याच्या लांबीची. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, असतील तर २०४८ नमुन्यांचा तुकडा ४६ मिलिसेकंदांचा होतो आणि वारंवारतेच्या पायऱ्या साडेएकवीस हर्ट्झच्या पडतात. जाड तारेवरच्या मोकळ्या स्वरात आणि पहिल्या फ्रेटवरच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीवरच्या) स्वरात फरक पाचच हर्ट्झचा! तुकडा चौपट केला तर ते वेगळे ओळखण्याच्या जवळ येतात, पण मग पिकचा (तार छेडायच्या छोट्या पट्टीचा) टणका १८६ मिलिसेकंदांत पसरून बोथट होतो. दोन्ही एकदम धारदार मिळत नाही. हे गणिताचंच बंधन आहे, अ‍ॅप महागडं घेऊन सुटत नाही.

म्हणून मंद आवाजातल्या सगळ्याच गोष्टींवर सारखा विश्वास ठेवू नये. कोणता स्वर आहे, हे ०.५ वर खात्रीने कळतं. तार कशी छेडली, हे कळेलच असं नाही. पहिल्या पद्धतीत टणका दोन तुकड्यांत सापडला तर दोनदा वाजतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं इथे दोन फटके आहेत. सेकंदाला सहा हेलकाव्यांचा व्हायब्रेटो तीनवर येतो नि आपल्या कानाला चक्क आंदोलन, म्हणजे रागदारीतला संथ झोका, वाटतो. तेव्हा स्वर ०.५ वर शोधा, पिकचे फटके ०.७५ वर मोजा. ०.२५ जवळपास निरुपयोगी.

चित्राचंही तसंच. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांना, एका मात्रेत चार स्वर म्हणजे सेकंदाला आठ. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका स्वराच्या वाट्याला चारही फ्रेम येत नाहीत. संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे करा, बोट कुठे पडतं ते दिसेल. बोटं मुळातच धूसर टिपली असतील तर वेग कमी करून उपयोग नाही. सरांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो दाबून लहान केलेला येतो.

अशी फाइल संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. ‘व्ह्यू’मधून प्रगत बटणं दाखवायला सांगा, ए-बी बटण एकदा ओळीच्या सुरुवातीला, एकदा शेवटी दाबलं की तेवढाच तुकडा फिरत राहतो. दोन किंवा चार मात्रांपेक्षा मोठा घेऊ नका, आणि सुरुवात एक मात्रा आधी धरा. नाहीतर प्रत्येक फेरीला पहिला स्वर हुकतो. चौकटी कंसाच्या कळांनी वेग ०.१ ने बदलतो. ०.६ वर सलग पाच फेऱ्या स्वच्छ गेल्या तरच ०.७. मंद वेगातही पिकची हालचाल लहानच ठेवा. ऐसपैस फटका पुढे वेगात बसत नाही. हेडफोन वायरचा वापरा, ब्लूटूथला आवाज उशिरा पोचतो आणि चूक आपल्या हाताची वाटते.

सगळंच बेसूर लागलं तर आधी स्वतःच्या तारा ट्यूनरवर तपासा. मे महिन्यात कुलरच्या खोलीतून पत्र्याखाली नेलेली गिटार उतरते, कारण उन्हाने तारा सैलावतात. तारा बरोबर असूनही नेमका अर्धा स्वर फरक राहिला, तर शिकवणाऱ्याने गिटार अर्धा स्वर उतरवून लावलेली असण्याची शक्यता मोठी. कॅपोने (मानेवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) सूर वरच जातो, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. आपल्या सहाही तारा तेवढ्या उतरवून घ्या.