"स्वभावच तसला आहे" म्हणायच्या आधी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांमधे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्याचा स्वभावच तसला आहे ओ, काय करणार." जुन्या साध्या मागावर सुताची तार तुटली की एक कामगार लगेच माग थांबवून तार सांधतो, शेजारचा तसाच चालू देतो कारण मजुरी नगावर, माग थांबला की पैसा थांबला. मग पहिला प्रामाणिक आणि दुसरा कामचुकार, विषय संपला. पण यात स्वभाव, मूल्यं आणि परिस्थिती या तीन गोष्टी एकत्र कालवल्या जातात, आणि त्या वेगळ्या करायला अभ्यासकांची कित्येक दशकं गेलीत, म्हणून ही पार्श्वभूमी नीट सांगावीशी वाटते.

स्वभाव मोजायची सुरुवात कारखान्यात नाही तर युद्धात झाली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारात कोणते सैनिक खचतील हे आधीच ओळखता यावं म्हणून अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थने हो-नाही उत्तरांची प्रश्नावली बनवली. मग १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचून काढले (केवढी चिकाटी!), रेमंड कॅटेलने ते गाळत गाळत १६ घटकांवर आणले आणि १९६१ मधे अमेरिकन हवाई दलातल्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना पुन्हापुन्हा स्वभावगुणांचे पाचच गट सापडले. आज कंपन्या ज्या पर्सनॅलिटी टेस्ट घेतात त्यातल्या बऱ्याच टेस्टचं मूळ या पाचात आहे.

१९६८ मधे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलने या विचाराला मोठा धक्का दिला. तोच माणूस एका ठिकाणी एक वागतो आणि दुसरीकडे वेगळंच, मग नुसत्या स्वभावावरून अंदाज कसा बांधणार, असा त्याचा सवाल होता. पुढं १९९१ मधे बॅरिक आणि माउंट यांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा काम नेटानं, जबाबदारीनं करायचा गुण सगळ्याच प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला, बोलका स्वभाव मात्र मुख्यतः मॅनेजर आणि सेल्सवाल्यांना. म्हंजे स्वभावाला अर्थ आहे, पण त्यावरून अख्खं वागणं कळत नाही.

मूल्यांचा अभ्यास वेगळ्या वाटेनं आला. मिल्टन रोकीचने १९७३ मधे १८-१८ मूल्यांच्या दोन याद्या देऊन लोकांना त्यांचा क्रम लावायला सांगितला, शालोम श्वार्ट्झने १९९२ मधे दहा मूल्यं मांडली आणि त्यातली काही एकमेकांच्या उलट दिशेनं ओढतात हे दाखवलं, जसं सुरक्षितता हवी आणि स्वतःच्या मनासारखंही करायचंय. हे फार महत्त्वाचं वाटतं मला. एखादा भिडस्त कामगार, दिवसभरात चार शब्द बोलणार नाही, पण मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी निघालेली दिसली की सरळ मालकाकडं जाऊन "मालक, कुणाचा तरी हात जाईल, आधी हे बसवून घ्या" म्हणतो, आणि दिवसभर बडबड करणारा नोकरी जाईल म्हणून गप्प बसतो. तिथं स्वभाव मागं राहतो आणि मूल्य पुढं येतं.

आपल्याकडं तर कामाला मूल्य मानायची परंपरा फार जुनी आहे. बाराव्या शतकातले शरण, म्हंजे बसवेश्वरांच्या परंपरेतले भक्त, कायकालाच (कष्टाच्या कामालाच) भक्ती मानायचे, आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्याच परंपरेतले, आणि माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला.

तिसरी गोष्ट परिस्थिती, आणि त्याचा सगळ्यात जवळचा पुरावा अहमदाबादचा, तोही मागांचाच. कॅलिको मिलमधे ऑटोमॅटिक माग आले तरी उत्पादन म्हणावं तसं वाढेना. २२४ मागांवर २९ माणसं, पण काम बारा प्रकारांत वाटलेलं, कुणाचा कुणाशी मेळ नाही. १९५३ मधे माणसं आणि त्यांचं काम यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले आणि ६४ मागांमागं सात जणांचा एक ग्रुप अशी रचना ठरली, ग्रुपनं आपलं काम आपणच सांभाळायचं. घडी बसल्यावर उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं, आणि हे सगळं माणसांचे स्वभाव बदलायला न जाता. पुढं १९७० च्या सुमारास टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर तिथं परत गेले तेव्हा साध्या मागांच्या एका शेडमधे (तिथंही ही पद्धत आणली होती) ग्रुप पद्धत टिकून होती, ऑटोमॅटिक मागांच्या शेडमधे मात्र गाडी बरीचशी जुन्या वळणावर गेली होती.